मार्गदर्शकांचे हात

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये ऊन जरा उशिराच रस्त्यावर उतरतं. जुन्या बंगल्यांच्या आवारातली झाडं त्याला बराच वेळ अडवून धरतात आणि स्टेशनाकडून येणारी गाडीची शिट्टी पानांतून गाळून आल्यासारखी मवाळ होते. अशाच एका सकाळी इथल्या एका शाळेच्या सभागृहात रोबोटिक्सच्या शालेय संघांना शिकवणारी माणसं जमली होती. विज्ञानाचे शिक्षक होते, इंजिनिअरिंगची मुलं-मुली होती, आणि मागच्या रांगेत फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक फिटर काका होते. व्यासपीठावर भाषणं झाली, स्लाइड्स झाल्या. माझ्या मनात राहिलं ते मधल्या सुट्टीत खिडकीपाशी घडलेलं.

आठवीतली एक मुलगी तिथे आपली लाइन फॉलोअर गाडी चालवून दाखवत होती. पांढऱ्या फ्लेक्सवर काळ्या चिकटपट्टीची वळणावळणाची वाट. गाडीला पिवळ्या गिअरच्या दोन मोटारी, पुढे एक लहानसं फिरतं चाक, आणि पोटाखाली, जमिनीला जवळजवळ टेकलेली, इन्फ्रारेड सेन्सरची जोडी. हे सेन्सर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश खाली टाकतात. पांढरा भाग तो परत पाठवतो, काळा गिळून टाकतो. प्रकाश परत आला की नाही, एवढ्यावर गाडी डावं-उजवं ठरवते. शाळेच्या लॅबमध्ये ती बिनचूक धावली होती. इथे मात्र एका ठरावीक वळणाशी आली की वाट सोडून सरळ निघून जायची.

भोवती जमलेले सगळेच शिकवणारे! बॅटरी उतरली असेल, कोड बघ, सेन्सरचा स्क्रू जरा फिरव. बोलता बोलता दोघा-तिघांचे हात गाडीकडे गेलेसुद्धा. काका हात मागे बांधून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "बेटा, ये हर बार यहीं पे क्यों बिगड़ती है?"

मुलगी खाली बसली आणि फ्लेक्सकडे बघत राहिली. खिडकीच्या गजांतून आलेला उन्हाचा पट्टा नेमका त्या वळणावर पडला होता. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो. त्या झोतात सेन्सरला काळी पट्टीही पांढरी वाटत होती. तिने काळ्या पुठ्ठ्याची पट्टी कापली, सेन्सरभोवती झालरीसारखी चिकटवली, आणि गाडी ऊन ओलांडून सुखरूप पलीकडे गेली. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते दुसऱ्या कुणी स्क्रू फिरवून दिला असता तर उमटलं नसतं.

तुम्हाला आधीच कळलं होतं का, असं मी काकांना नंतर मराठीत विचारलं. "कळलं होतं हो," ते म्हणाले. "पण आमच्या उस्तादांनी माझ्या हातातली कानस कधी काढून घेतली नाही. जॉब बिघडला तरी नाही."

रोबोटिक्सच्या शिक्षणाचा सगळा गाभा मला या वाक्यात दिसतो. अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि एमआयटीचे वुडी फ्लॉवर्स तिच्या रोबोटिक्स स्पर्धांशी जोडले गेले. स्पर्धा जीव तोडून करायची आणि प्रतिस्पर्ध्यालाही सौजन्याने वागवायचं, हा संस्कार फ्लॉवर्स यांनी तिथे रुजवला. तिथे मार्गदर्शकांसाठी त्यांच्याच नावाचा पुरस्कार आहे आणि त्यासाठी नाव सुचवायचं असतं मुलांनी. गुरूची परीक्षा शिष्यांनी घ्यायची, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे २००८ साली पुण्यात आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन ही रोबोटची स्पर्धा झाली तेव्हा विषयच होता गोविंदा. देशोदेशीच्या कॉलेजांतल्या मुलांनी दहीहंडीसाठी यंत्रं बांधून आणली होती. खालच्या थराने वरच्याला तोलून धरायचं आणि हंडीला हात त्याला लावू द्यायचा, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

अटल इनोव्हेशन मिशन २०१६ साली सुरू झालं. त्यातून देशभरात दहा हजार शाळांमध्ये टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या, प्रत्येकीला वीस लाखांपर्यंतचं अनुदान. सहावी ते बारावीच्या मुलांसमोर थ्रीडी प्रिंटर आला, सेन्सर आले, मोटारी आल्या. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या. पेट्या येतील, उघडल्याही जातील. पण गाडी एकाच वळणाला का बिघडते, हे विचारणारं माणूस पेटीत येत नाही.

आणि ही माणसं जबलपूरइतकी दुसरीकडे क्वचितच असतील. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची. पुढे खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आली, १९६९ साली व्हेईकल फॅक्टरी आली. पिढ्यान् पिढ्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट या शहरात घडले. त्यांत आपली मराठी माणसंही आहेत. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलं की बेल्ट सैल झाला, हे सांगणारे कान आज घरी बसून आहेत. काहींना वाटतं, हे कोडिंगचं काम, आपल्याला काय जमणार? कोड तर मुलं भराभर शिकतात. त्यांना अडतं ते चाक आसाला तिरकं बसल्यावर, स्क्रूचे आटे गेल्यावर, वजन एका बाजूला कलल्यावर. इतकी वर्षं तुम्ही नेमकं हेच दुरुस्त करत आला आहात.

तेव्हा घराजवळच्या शाळेत टिंकरिंग लॅब आहे का, एवढं विचारून या. असेल तर मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवड्यातला एक तास त्यांच्याकडे मागून घ्या.