जोडव्याचे बोट

मनुष्यदेहातील अवयवांची मानाप्रमाणे क्रमवारी लावायची झाली, तर पायाच्या बोटांना अगदी शेवटची जागा मिळेल. हृदयावर काव्ये झाली, नेत्रांवर झाली. पायाचे बोट मात्र ठेच लागेपर्यंत कोणाच्या स्मरणातही नसते. वास्तविक एका पावलातील २६ हाडांपैकी १४ हाडे एकट्या बोटांची आहेत. आम्ही पदवीधर होऊन बरीच वर्षे लोटली. परंतु हा हिशेब आम्हांला पन्नाशी उलटल्यावर एका वरवंट्याने शिकविला.

गोष्ट नगरच्या आमच्या घरातली. (२०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते.) गणपतीचे दिवस होते. चटणी वाटून झाल्यावर धुण्यासाठी उचललेला वरवंटा आमच्या सौभाग्यवतींच्या हातून निसटला, तो नेमका उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर पडला. आवाज ऐकून आम्ही हातातले पुस्तक न मिटताच स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि विचारले, "चालता येते का?" त्या दोन पावले चालल्या. "मग मोडलेले नाही," असा निकाल देऊन आम्ही पुन्हा वाचीत बसलो.

या निकालाला आधार काय होता? चालता येते म्हणजे हाड शाबूत, हे लहानपणापासून ऐकलेले एक वाक्य. दुसरे काही नाही. बोट मोडलेला मनुष्य टाचेवर भार देऊन घरभर हिंडू शकतो, हे आमच्या ध्यानी आले नाही.

निकालापाठोपाठ उपचारही आम्हीच सांगितला: तेल लावून चोळावे. त्याचेही मूळ बालपणातच होते. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरास जाताना नगरास येते, तेव्हा आमच्या मातोश्री वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून देत. त्या थकल्या पायांना मिळणारा विसावा आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. परंतु थकलेला पाय निराळा आणि मोडलेला पाय निराळा. पहिल्याला चोळण्याने आराम पडतो; दुसऱ्याची सूज वाढते आणि तडा गेलेले हाड जागचे हलण्याची भीती असते.

दुसऱ्या रात्री आम्हांला जाग आली, तेव्हा सौभाग्यवती पाऊल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दिवा लावून पाहिले. बोट काळेनिळे होऊन फुगले होते आणि त्या सुजेत चांदीचे जोडवे दिसेनासे झाले होते.

"अहो, बोटाचं दुखणं सोसवतं; पण जोडवं फार रुततंय," त्या म्हणाल्या.

"मग काढले का नाही?"

"तुम्ही असताना पायातलं जोडवं कसं काढायचं?"

आम्ही निरुत्तर झालो. ज्यांच्या आयुष्यासाठी ते जोडवे दोन रात्री मांसात रुतत होते, ते आम्ही शेजारी स्वस्थ निजलो होतो.

तसेच उठून पेठेतल्या एका डॉक्टरांचे दार वाजविले. त्यांनी आम्हांस एकही प्रश्न न विचारता प्रथम जोडवे कापून काढले. सूज वाढत जाते, कडे मात्र तेवढेच राहते; रक्ताचा ओघ अडला तर बोटच गमवावे लागते. यासाठी पायाला मार लागताच, सूज चढण्यापूर्वी, जोडवी-मासोळ्या उतरवाव्यात, असे ते म्हणाले. मग त्यांनी बोटाचे टोक हलकेच मागे, मुळाच्या दिशेने दाबले; वेदना थेट हाडात उठली. नुसता मुका मार असता तर बहुधा इतकी कळ उठली नसती. सकाळी क्ष-किरणांचे चित्र काढले. बोटाच्या मुळाकडील हाडास तडा होता. सुदैवाने तुकडे जागेवर होते.

उपचार अगदी साधा निघाला. दोन बोटांमध्ये कापूस ठेवून मोडके बोट शेजारच्या धडक्या बोटाला चिकटपट्टीने बांधले. पहिले दोन-तीन दिवस पाय उशीवर उंच ठेवायचा, कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावायचा. शेक नाही, चोळणे नाही. चालताना टणक तळाची, पुढून ऐसपैस चप्पल. असे हाड सामान्यतः चार ते सहा आठवड्यांत सांधते. मात्र अंगठा मोडला असेल, बोट वाकडे झाले असेल, जखम उघडी असेल, किंवा बोट बधिर वा थंड पडले असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. त्यांच्या पायांना कित्येकदा वेदनाच कळत नाही.

त्या सहा आठवड्यांत स्वयंपाकघरात आमचा प्रवेश झाला. त्या दाराशी आम्ही आजवर केवळ प्रश्न विचारण्यापुरते उभे राहत आलो होतो, ही गोष्ट पोळ्या लाटताना प्रथमच उमगली. पट्टी सुटल्यावर कापडबाजारात जाऊन नवी जोडवी आणली. या खेपेस तोंड उघडे असलेली, सहज सैल करता येतील अशी.

आताशा घरात कोणाच्या पायाला काही लागले, की "चालता येते का?" असे आम्ही विचारीत नाही. खाली बसतो आणि म्हणतो, "पाहू दे."