कापलेल्या भाताचा वास

रात्रभर दव प्यालेल्या, नुकत्याच कापलेल्या भाताला सकाळचं ऊन लागलं, की त्यातून एक ऊबदार, किंचित गोडसर वास उठतो. मुरबाडकडे हे ऊन जरा उशिराच येतं. पूर्वेला सिद्धगडापासून नाणेघाटापर्यंत सह्याद्री उभा. सूर्य तो चढून येईतो खाचरं निळसर सावलीत पडून असतात, आणि मग एकाएकी सगळं शिवार पिवळं होऊन दरवळू लागतं.

आश्विन सरता सरता आजोळी हा वास घरभर असायचा. मामीच्या पदराला, विळ्याच्या मुठीला, रात्री अंगावर ओढलेल्या गोधडीलासुद्धा. दिवसभर वाकून कापणारी माणसं, भारे बांधणाऱ्या बाया, डोक्यावर भारा तोलत बांधावरून खळ्याकडे जाणारी रांग. आणि दुपारी आंब्याखाली नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. जेवण झालं की मामा तिथंच तोंडावर टॉवेल टाकून आडवा व्हायचा. त्याला कुणी उठवत नसे. किती गाढ असायची ती झोप!

पुढे केव्हातरी एका पुस्तकात पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराचं १५६५ सालचं सुगीचं चित्र समोर आलं, आणि डोळ्यांच्या आधी नाकाला ओळख पटली. शेत गव्हाचं, झाड नाशपातीचं. पण त्या झाडाखाली पाय फाकून, तोंड उघडं टाकून झोपलेला तो थकलेला गडी मी ओळखत होते. शेजारी मंडळी जेवताहेत, उभ्या पिकातून पेंढ्या घेऊन बाया निघाल्यात, आणि दूर, उन्हाच्या धुरकट पिवळेपणात, समुद्रावर गलबतं. अँटवर्पच्या एका धनिक व्यापाऱ्याच्या घरासाठी ऋतुचक्राची ही चित्रमालिका रंगवली गेली. त्या काळी निसर्ग बहुतेक देवादिकांच्या कथांमागचा पडदा म्हणून यायचा. इथे मात्र देव नाही, राजा नाही. पिकाचा तो पिवळा विस्तारच चित्राचा धनी, आणि माणसं त्याच्या पोटात, आपापल्या कामात. आज ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे, जुन्या ठाणे जिल्ह्यातच, डहाणूजवळच्या गंजाडला जिव्या सोमा म्हसे यांनी हेच जगणं रंगवलं. वारली बायांनी लग्नघराच्या भिंतीवर जपलेली ती पांढरी रेघ त्यांनी कागदा-कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याही चित्रांत माणूस झाडापेक्षा, शेतापेक्षा मोठा होत नाही. आणि भिंतीवरचा तो पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. म्हणजे खाचरातून खळ्यावर, खळ्यावरून जात्यात आणि जात्यातून भिंतीवर, पीक स्वतःच आपलं चित्र होतं. हे ब्रूगेललाही साधलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

माळशेजचे धबधबे पाहायला तुम्ही पावसात येता, तसे येत राहा. पण एकदा कापणीच्या दिवसांत या. टोकावड्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेही गाडी थांबवा, काच खाली करा, त्या वासाला आत येऊ द्या. आणि बांधावर उतरलात, तर डोक्यावर भारा असलेल्या बाईला आधी वाट द्या.