सूप आणि सूर्यास्त

चंद्रपूर आणि गडचिरोली हे भाताचे जिल्हे. मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा ही सारी धानाची गावे. तरीही पिठाचे लांबट पदार्थ येथे परके नव्हते. उन्हाळ्यात खाटेवर वाळणाऱ्या शेवया, आमरसाबरोबर खाल्ले जाणारे सरगुंडे आणि आपल्या मारवाडी-गुजराती जैन घरांत वरणात शिजणारी दाल-ढोकळी, हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. मात्र अलीकडच्या काळात नूडल्सच्या सुपाने तरुणांच्या मनात जी जागा मिळवली, ती यांपैकी कोणालाच मिळाली नव्हती. दिवेलागणीला चायनीजची गाडी लागते आणि तळलेल्या नूडल्सचा चुरा पसरलेले वाफाळते मंचाव सूप हातोहात संपते.

या अरण्यप्रदेशाजवळ नूडल्सचे सूप फार पूर्वी एका वेगळ्या वाटेने आले होते. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी काहींची वसाहत १९७२ मध्ये इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव येथे झाली. तेव्हा ते गाव भंडारा जिल्ह्यात होते, आता गोंदियात आहे; गडचिरोलीची सीमा तेथून दूर नाही. त्यांचा थुकपा हे अस्सल नूडल सूपच. पण तो त्यांच्या स्वयंपाकघरांत राहिला. आपल्याला ते ठाऊक झाले हिवाळ्यातील स्वेटरांमुळे. बाजार जिंकला तो मंचावने. कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांच्या पाकक्रियेला भारतीय तिखटाची जोड मिळाली आणि त्यातून जी नवी खाद्यपरंपरा उभी राहिली, तिचेच हे अपत्य. १९८३ मध्ये देशात आलेल्या झटपट नूडल्सच्या पुड्यांनी मुलांची जीभ आधीच तयार करून ठेवली होती. किराण्याच्या व्यवसायात हे बदल फळीवर दिसतात. आमच्या दुकानात आधी त्या पुड्या आल्या, मग हक्का नूडल्स, मग सोया सॉसच्या बाटल्या आणि कॉर्नफ्लोअर. आज हे सामान डाळ-तांदळाइतक्याच सहजपणे मागितले जाते.

आता गाडीवरच्या फलकावर ‘जैन मंचाव मिळेल’ अशी ओळही दिसते. आपल्या समाजाची दखल घेतली गेली म्हणून क्षणभर बरे वाटते. पण त्या शब्दाचा अर्थ बहुधा ‘कांदा-लसूण नाही’ एवढाच असतो. त्यात गाजर असते, ओले आले असते. महिनोन्‌महिने आंबवलेला सोया सॉस आणि सिरका असतो. काटेकोर घरांत ते वर्ज्य मानले जातात. अंड्याच्या नूडल्सची कढई आणि हा पळा वेगळा आहे का, हे कोणी विचारत नाही. पुडीवरील हिरव्या ठिपक्याचेही तसेच आहे. तो शाकाहाराची ग्वाही देतो, जैन आहाराची नव्हे. आतल्या मसाल्यात कांदा-लसणाची पूड असू शकते. घटकांची यादी वाचल्याशिवाय माल ‘जैन’ म्हणून विकू नये, एवढे पथ्य तरी आपण व्यापाऱ्यांनी पाळायला हवे.

घरी मात्र यातली प्रत्येक अडचण सुटते. ओल्या आल्याऐवजी सुंठ चालते. सिरक्याऐवजी लिंबू, सोया सॉसऐवजी भाजलेले जिरे आणि मिरी. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअरपेक्षा घोटलेली मुगाची डाळ अधिक चांगली. दुधी, टोमॅटो, ढोबळी मिरची, मटार आणि वर घरच्या गव्हाच्या शेवया. आठम-चौदसला हिरवी भाजी वर्ज्य असेल तर मूग, मिरी आणि शेवया पुरतात. हे मंचाव नाही, हे खरे. पण थंडीत मुले दुसऱ्यांदा मागतात.

खरी अडचण घटकांची नाहीच, ती वेळेची आहे. कांदा काढता येतो, गाजर काढता येते. गाडीची वेळ काढता येत नाही. सूर्य मावळला की ती पेटते. खाणीतून वा वीज केंद्रातून पाळी संपवून निघालेल्या कामगाराची भूक त्याच वेळेची असते, त्यात त्याचा काही दोष नाही. आपले घड्याळ वेगळे आहे, निदान ते वेगळे असावे. मात्र अनेक व्यापारी घरांत आजी आणि आई चौविहार पाळतात आणि वडील नऊला दुकान वाढवून मग ताटावर बसतात. मुलगा हे रोज पाहतो. रात्रिभोजनत्याग हा घरी बसणाऱ्यांचा नियम आहे, कमावणाऱ्यांना तो लागू नाही, असा निष्कर्ष तो न बोलता काढतो. मग मित्रांबरोबर आठ वाजता सूप पिताना त्याला अडवणारे काय उरते? त्याला सूप आवडले म्हणून नियम सुटत नाही. नियम आधीच सैल झालेला असतो.

म्हणून आमच्या दुकानात गेली काही वर्षे सूर्यास्ताआधी डबा येतो. भद्रावतीसारख्या तीर्थाच्या भोजनशाळेत जे घड्याळ चालते, तेच गल्ल्यावर चालवून पाहायचे, इतकाच विचार. मी जेवतो तेव्हा मुलगा गल्ला सांभाळतो, तो जेवतो तेव्हा मी. हिवाळ्यात थर्मासमध्ये सूप असते. शेवया वेगळ्या डब्यात, नाहीतर त्यांचा लगदा होतो. त्या वेळात एखादे गिऱ्हाईक परत जाते. बहुतेक जण थांबतात, आणि आता तर काहींना आमची वेळच पाठ झाली आहे.

नातवाला गाडीवर जाण्यास बंदी घालून भागणार नव्हते. त्याला सुपापेक्षा मित्र हवे असतात. त्याचे नियम सांभाळायचे तर मित्रांनाच घरी बोलवावे लागते. डिसेंबरच्या आरंभी आमच्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. शाळा पाचला सुटते. घरी पोचणे, हातपाय धुणे, खाणे आणि चूळ भरणे, सगळे त्या अर्ध्या तासात बसवायचे असते. सूनबाई साडेचारलाच डाळ घोटून ठेवतात. मुले ओट्यावर दप्तरे टाकून आत येतात तेव्हा पातेल्यात शेवया सोडायच्याच काय त्या बाकी असतात.