मैलाची पायरी
साठी उलटल्यावर मोटारसायकलवरून अमेरिकेतली राज्याराज्यांची विधानभवने पाहायची, हा ह्यांचा हट्ट. मागे बसणार मी! नेब्रास्कात लिंकनच्या ४०० फुटी मनोऱ्यावरचा, बी पेरणारा ब्राँझचा शेतकरी मला फार आवडला. पण खरी गंमत पुढे कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या विधानभवनापाशी. समुद्रसपाटीपासून नेमकी मैलभर उंच पायरी कोणती? अक्षरे कोरलेली पंधरावीवर. १९६९च्या मोजणीत निघाली अठरावी, २००३च्या मोजणीत तेरावी! मोजणीचे घोळ काही आपल्याकडेच होतात असे नाही.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची ह्यांची ही पहिलीच सफर. तेरावीवर धाप लागली, तसे टेकले नि म्हणाले, "मैल इथेच पुरा."

मी मुकाट्याने शेजारी बसले.

पाच मिनिटांनी स्वतःच उठले. "चल, जुने दोन मैलही बघून येऊ."