तीन बटणांची पेटी

आमच्या चर्चच्या आवारात दोन जुने कडुनिंब आहेत. त्या दोहोंच्या शेंड्यांजवळून एक तांब्याची तार ताणलेली आहे. तिच्या मध्यापासून दोन समांतर तारा खाली येतात आणि धर्मगुरुनिवासाच्या खिडकीतून माझ्या खोलीत शिरतात. मिस्साला येणाऱ्या एका आजींनी एकदा विचारले, "फादर, धुणं वाळू घालायची दोरी इतक्या वर कामून बांधली?" मी हसून म्हणालो, "आजी, ही बोलायची दोरी आहे." आजींचे काही समाधान झाले नाही. माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूने झाडावर चढून तारा बांधाव्यात, हे त्यांना शोभून दिसत नव्हते. या लेखाच्या निमित्ताने त्यांना, आणि तुम्हालाही, त्या दोरीची हकिगत सांगावी असे मनात आहे.

ती सुरू होते ३० सप्टेंबर १९९३ या दिवशी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा पुण्यात सेमिनरीत शिकत होतो. मदतीसाठी निघालेल्या एका तुकडीबरोबर मी सास्तूर परिसरातल्या एका गावी पोहोचलो. गाव म्हणायचे ते केवळ सवयीने. तेथे ढिगारे होते, त्यांवर पाऊस पडत होता.

भाकरी, चादरी, औषधे यांच्या मागोमाग तेथे एक वेगळी भूक दिसू लागली. वाचलेल्या माणसांना आपण वाचलो हे कोणाला तरी कळवायचे होते. कोणाचा मुलगा मुंबईत, कोणाची लेक सोलापुरात. टेलिफोन मुळातच थोडे, आणि होते तेही मुके झालेले. अशा वेळी काही हौशी रेडिओचालक आपापले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात आले होते. आमच्या तळावर आलेले गृहस्थ मध्यमवयीन, अबोल स्वभावाचे होते. एका झाडाखाली त्यांनी खाट टाकली, ट्रकची बॅटरी ठेवली, फांदीवरून तार सोडली आणि संच व तार यांच्यामध्ये तीन बटणांची एक पत्र्याची पेटी जोडली. मी लोकांचे निरोप चिठ्ठ्यांवर लिहून द्यायचा आणि त्यांनी ते दूरच्या केंद्राला वाचून दाखवायचे, अशी आमची वाटणी ठरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "ब्रदर, मी जरा पाठ टेकतो. तुम्ही चिठ्ठ्या लिहून ठेवा." ते झोपले. चिठ्ठ्यांचा ढीग वाढत होता आणि माणसे घाई करत होती. ते कळ दाबून ती बटणे फिरवतात, काटा खाली येतो आणि मग बोलणे सुरू होते, हे मी दोन दिवस पाहत आलो होतो. त्यात काय कठीण, असे मला वाटले. त्यांना उठवण्याआधी काटा जुळवून ठेवावा, तेवढाच वेळ वाचेल, या विचाराने मी कळ दाबली आणि मधले बटण फिरवले. पेटीतून चरचर आवाज आला, निळी ठिणगी उडाली आणि जळका वास सुटला. काटा पुन्हा हलला नाही.

ते गृहस्थ उठले. रागावले नाहीत. पेटी उघडून पाहिली आणि एवढेच म्हणाले, "आधी शक्ती कमी करायची, मग कळ. आणि मधले बटण चालू संचावर कधी फिरवायचे नाही." जळालेला भाग काढून तिथे चिमट्याने जोडणी करीपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांत शेजारच्या गावाहून एक म्हातारे गृहस्थ चालत आले होते. त्यांचा मुलगा भिवंडीला मागावर होता. "त्याला येवढंच सांगा, बाप हाय म्हणून," असे ते मला म्हणाले. संच बंद आहे, थोडे थांबा, असे मी त्यांना सांगितले. ते थांबले. मग पाऊस वाढला. मी दुसऱ्या कामाला गेलो. परत आलो तेव्हा ते नव्हते. निरोप त्याच वेळी लिहून घ्यायला माझे काय जात होते? पण मी त्यांचे नावही विचारले नव्हते.

पुढे गुरुदीक्षा झाली, अनेक धर्मग्रामांत सेवा केली, आणि काही वर्षांपूर्वी नेमणूक याच जिल्ह्यात झाली. येथे आल्यावर ती पेटी पुन्हा आठवू लागली. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे हे खरे. पण वळवाच्या वादळात वीज गेली की काही तासांत मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही संपतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक भगिनी योगायोगाने अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला असता त्यांच्या संचाने तो जोडून दिला. काठमांडूचे येशूसंघीय फादर मोरन यांचा आवाज तर कित्येक वर्षे जगभरचे हौशी लोक शोधत असत. आउशविट्झमध्ये दुसऱ्यासाठी प्राण देणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे हेही रेडिओचालक होते. तेव्हा हा छंद धर्मगुरूला अगदीच परका नाही. मी दूरसंचार विभागाची परीक्षा दिली आणि परवाना घेतला. एक गोष्ट स्पष्ट करतो. या परवान्यावर प्रवचन प्रसारित करता येत नाही, त्यामुळे धर्मग्रामस्थांनी निर्धास्त असावे.

संच दहा वॉटचा, साधा. प्रश्न उरला पेटीचा, म्हणजे अँटेना ट्यूनरचा. या नावाने अनेकांची फसगत होते. ही पेटी अँटेनाला सुधारत नाही. संचाला आपल्यासमोर ५० ओहमची प्रतिबाधा हवी असते. तार मात्र तिची लांबी, उंची आणि लहरींची संख्या यांप्रमाणे कधी ३० ओहम दाखवते, तर कधी हजारो. दोघांचे जमले नाही की पाठवलेली शक्ती काही अंशी परत येते. तिचे मोजमाप स्थिर तरंगांच्या गुणोत्तराने, म्हणजे एसडब्ल्यूआरने, करतात. ते दोन असेल तर सुमारे ११ टक्के शक्ती परतते, तीन असेल तर २५ टक्के. पेटी या दोघांच्या मध्ये बसून एकाची भाषा दुसऱ्याला कळेल अशी करते. तार होती तशीच राहते, संचही तसाच राहतो. समजूत मात्र पटते.

म्हणून ज्यांना एकाच पट्ट्यावर बोलायचे आहे त्यांना माझा पहिला सल्ला असा की, पेटी घेऊच नका. ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर लांबीची तार मध्यावर कापून नीट टांगली की ती बहुधा आपोआप जुळते. अचूक कापलेल्या तारेपेक्षा स्वस्त ट्यूनर जगात नाही. मला मात्र त्याच तारेवर १४ मेगाहर्ट्झलाही बोलायचे होते. तेथे हीच तार मध्यावर काही हजार ओहम दाखवते. अशा वेळी साधी कोअॅक्सियल केबल वापरली तर बरीचशी शक्ती केबलमध्येच उष्णता होऊन विरते. समांतर तारांच्या जोडीत ती हानी फार थोडी होते. म्हणून मी दोन तारा घेतल्या आणि त्यांच्यात अंतर राखायला ठिबक सिंचनाच्या जुन्या नळीचे तुकडे बसवले. उन्हाने न तडकणारी याहून स्वस्त वस्तू आमच्या भागात मिळणार नाही.

पेटी निवडताना तीन वाटा दिसल्या. पहिली, परदेशी बनावटीची तयार पेटी. अमेरिकेतील एमएफजे कंपनीच्या पेट्या वर्षानुवर्षे नावाजलेल्या होत्या. पण २०२४ च्या मे महिन्यात त्या कंपनीने स्वतःचे उत्पादन थांबवले, आणि जुनी पेटी विकत घ्यायची तर आतली बटणे, संपर्क जळालेले नाहीत ना हे पाहावे लागते. दुसरी वाट स्वयंचलित पेटीची. डेव्हिड फायनित्स्की यांनी सर्वांसाठी खुल्या केलेल्या आराखड्यावर चीनमध्ये बनणाऱ्या अशा पेट्या आज स्वस्तात मिळतात. आतले रिले कटकट करत काही सेकंदांत जुळणी करतात. शहरातल्या नवशिक्याला ती सोयीची आहे. परंतु तिला वीज लागते, आणि बिघडली तर आमच्या गावात दुरुस्त कोण करणार? मला हवी होती ती पेटी, जी ढिगाऱ्याशेजारी बसून चिमट्याने दुरुस्त करता येईल. तेव्हा तिसरी वाट धरली, घरी बनवण्याची.

सोलापूरच्या जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओंतून दोन गँग कंडेन्सर मिळाले. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका तरुणाने तांब्याची तार दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला. दोन इंची पीव्हीसी नळीवर तिचे २४ वेढे घालून दर दोन वेढ्यांवर एकेक टोक काढले. दोन्ही कंडेन्सर मालिकेत आणि मधून कॉइल जमिनीकडे, अशी ही जुळणी आहे. तारांची जोडी जोडण्यासाठी मागे फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेला बालन आहे. एवढ्या लहान फटीचे रेडिओतले कंडेन्सर दहा वॉटला पुरतात. शंभर वॉटला त्यांच्यात ठिणगी उडेल, हे घेणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावे.

पहिली पेटी फसली. कंडेन्सर मी थेट अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवले होते. या जुळणीत कंडेन्सरच्या चौकटीतूनही शक्ती वाहते. ती पत्र्याला टेकली की सारे जमिनीत जाते. मग पत्र्याऐवजी प्लायवूड वापरले. आता नवाच खेळ सुरू झाला. बटणावर हात असेपर्यंत काटा शून्याला, हात काढला की पुन्हा वर! माझाच देह त्या जुळणीचा भाग झाला होता. दांडा आणि बटण यांच्यामध्ये प्लास्टिकच्या नळीचा तुकडा घातला तेव्हा ते थांबले. त्या संध्याकाळी मला हसूही आले आणि थोडी लाजही वाटली. आम्हा धर्मगुरूंच्या हातून जुळलेली किती घरे केवळ आमचा हात आहे तोवरच जुळलेली असतात!

वापरण्याची रीत सोपी आहे, पण तिचा क्रम मोडू नये. आधी नुसते ऐकावे. आपल्या पट्ट्यावर कोणी बोलत असेल तर चाचणीने त्यांच्यात व्यत्यय आणू नये. मग दोन्ही कंडेन्सर मध्यावर ठेवून, आवाजातली खरखर सर्वांत मोठी होईल असे कॉइलचे टोक निवडावे. त्यानंतर शक्ती अगदी कमी करून, आपले सांकेतिक नाव सांगून, क्षणभर कळ दाबावी आणि कंडेन्सर आळीपाळीने थोडे थोडे फिरवून काटा खाली आणावा. या प्रकारच्या पेटीत काटा एकाहून अधिक ठिकाणी शून्यावर येतो, आणि तेथेच नवशिके फसतात. काही जुळण्यांत शक्ती तारेकडे न जाता कॉइललाच तापवते. म्हणून कॉइल कमीत कमी आणि कंडेन्सर जास्तीत जास्त, अशी जुळणी निवडावी. ती सापडली की वहीत लिहून ठेवावी. ढग गडगडू लागले की तारा खिडकीबाहेर काढाव्यात. मराठवाड्यातल्या वळवाच्या विजेपुढे कोणतीही पेटी टिकत नाही.

माझी तार जेमतेम आठ मीटर उंच आहे. तज्ज्ञ मित्र तिला हसतात, कारण एवढ्या ठेंगण्या तारेतून सात मेगाहर्ट्झच्या लहरी क्षितिजाकडे न जाता बहुतांशी सरळ वर जातात. पण वर जाऊन त्या आकाशातल्या थरावरून परततात आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत पावसासारख्या उतरतात. परदेश गाठायला ती उणी पडेल. पुणे, हैदराबाद, नांदेड गाठायला हीच उत्तम. संकटात आपल्याला शेजारीच हवा असतो. पहिल्याच सकाळी हैदराबादच्या एका गृहस्थांनी माझ्या दहा वॉटला स्वच्छ उत्तर दिले.

माझ्या पेटीला दोनच बटणे आहेत. तिसऱ्याच्या जागी कॉइलला लावायचा चिमटा आहे. तो हलवायचा तर हात आत घालावा लागतो, आणि त्यासाठी संच बंद करावाच लागतो.

गेल्या ३० सप्टेंबरला आमच्या युवक-युवतींना घेऊन मी पुनर्वसित गावाजवळच्या एका माळावर गेलो. मोटारीची बॅटरी, दोन बांबू, तार आणि पेटी. मी लांब बसलो, हात लावला नाही. त्यांनी केंद्र उभारले आणि पुण्याचा आवाज आला तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एका मुलीने विचारले, "फादर, प्रत्येक वेळी आधी शक्ती कमी करायला का लावता? दहा वॉटने काय होणार आहे?"

मी तिला त्या म्हाताऱ्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मी कोणाला सांगितली नव्हती. मुले गप्प झाली. थोड्या वेळाने त्या मुलीने वही उघडली, कोऱ्या पानावर वरच्या बाजूला "निरोप" असे लिहिले आणि खाली पहिला रकाना आखला. नावाचा.