दहा पौंडांची ऊब

जानेवारी २०२३, लंडन. मैत्रिणीच्या एका खोलीच्या फ्लॅटवर मी पाहुणी, आणि सॉलिड कुडकुडत. हीटर विजेचा, मीटर प्रीपेड. मोबाईलच्या रिचार्जसारखंच, फक्त प्लास्टिकची किल्ली घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, पैसे भरायचे, ती मीटरमध्ये खोचायची. वर प्रीपेडवाल्यांना दर डायरेक्ट डेबिटवाल्यांपेक्षा जास्त! (तो फरक सरकारने जुलै २०२३ पासून भरून काढला, तोपर्यंत हिवाळा संपला होता.)

एका रात्री लॅपटॉपवर तिथल्या संसदीय समितीची सुनावणी लावली. खासदार फुल फॉर्मात. पवनचक्क्यांची वीज स्वस्त, मग बिल का नाही? कारण घाऊक बाजारात मागणी भागवायला शेवटी सुरू होणारं महागडं केंद्र सगळ्यांचा भाव ठरवतं, आणि ते बहुतेक वेळा गॅसचं असतं. युक्रेन युद्धामुळे गॅस भडकला, मागोमाग वीजही. मी नोट्स काढत बसले.

‘‘अगं, चार्जिंगला लावलायस ना तो?’’ रजईतून आवाज आला. ‘‘मीटरवर दोन पौंड उरलेत.’’

मी प्लग काढला. चार दिवस मी बिनधास्त गरम पाण्याने आंघोळ करत होते, आणि ती ऑफिसातच उशिरापर्यंत का थांबते ते आत्ता कळलं.

सकाळी किल्ली घेऊन दुकानात मीच गेले. दहा नाही, वीस भरले.