बाबुराव बागूल, उधना आणि माझी भाड्याची खोली

बाबुराव बागुलांचं नाव निघालं की आपल्या व्यासपीठांवर शब्द ठरलेले असतात : विद्रोह, आग, ज्वालामुखी. चाळीसगावात अशी दोन भाषणं मीही ठोकली आहेत. टाळ्याही घेतल्या. पण ज्या कथेने बाबुराव मराठी साहित्यात घुसले, ती लढणाऱ्याची नाही, लपणाऱ्याची गोष्ट आहे. हे मी दोन्ही भाषणांत सांगितलं नाही. त्याचं कारण माझ्यापुरतं खासगी आहे, ते पुढे येईलच.

बाबुरावांचा जन्म 1930 चा, नाशिकजवळच्या विहितगावचा. लहानपणीच मुंबईला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आले. तिथे आंबेडकरी चळवळ होती आणि लाल बावटाही. दोन्हींचं पाणी प्यायलेला हा माणूस. शाळेनंतर मिळेल ते अंगमेहनतीचं काम केलं. रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतला गेले आणि तिथे खोली मिळवायला जात लपवावी लागली. 1963 साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, 1969 साली ‘मरण स्वस्त होत आहे’. 2008 साली नाशिकला ते गेले. चरित्र एवढंच सांगतो, कारण खरं चरित्र कथांत आहे. ‘विद्रोह’मध्ये बापाचं सफाईचं काम नाकारणारा शिकलेला पोरगा आहे. ‘आई’मध्ये वर्गात आईवरची कविता ऐकून घरी येणारं पोर आहे. ती कथा एका बैठकीत वाचून संपवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

शीर्षककथेतला नायक उधन्याला रेल्वेत नोकरीला येतो. उधना म्हणजे आपल्या खानदेशी माणसाला परकं गाव नाही. जळगाव-नंदुरबारकडून जाणारी ताप्ती लाईन तिथेच मिळते, आणि अर्धा खानदेश पोटासाठी त्याच वाटेने सुरतला गेला. मीही गेलो. खोलीमालक आपल्याकडचाच निघाला. त्याने अहिराणीत विचारलं, “कोनता समाजना शेस भाऊ?” माझं आडनाव खानदेशात चार समाजांत सापडतं. मी फक्त आडनाव सांगितलं आणि गप्प राहिलो. त्याने आपल्या सोयीचा समाज ठरवून टाकला. बाबासाहेबांचा फोटो पेटीत, कपड्यांच्या खाली गेला.

सहा महिन्यांनी गावाकडचा मित्र आला. जिन्यातूनच मोठ्याने म्हणाला, “जय भीम!” मालक ओट्यावर बसलेला होता. मी म्हणालो, “ये, बस.” एवढंच. मित्राने माझ्याकडे पाहिलं, मग मालकाकडे पाहिलं. पाणी प्यायला आणि “स्टेशनला काम आहे” म्हणून निघून गेला. रात्री तो प्लॅटफॉर्मवर झोपला, हे मला पुढे दुसऱ्याकडून कळलं.

बाबुरावांच्या कथेत लपणाऱ्याच्या शेजारी काशीनाथ आहे. तो जात लपवत नाही, चाकू बाळगतो, अंगावर जातो. आपण सगळे भाषणात काशीनाथ असतो. पण जात उघडी पडून नायकाला मार बसतो तेव्हा त्याला वाचवायला काशीनाथच धावतो. “लपवलीस कशाला?” असा पंचनामा तो आधी करत बसत नाही. फेसबुकवर जात लपवणाऱ्या पोरांना “गद्दार” म्हणणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही जागा पुन्हा वाचावी.

त्रिनिदादचा कथाकार सॅम सेल्वन 1950 साली लंडनला गेला. तिथे वेस्ट इंडीजमधून आलेल्यांना भाड्याची खोली मिळणं किती कठीण होतं, हे त्याच्या लेखनात जागोजाग आहे. पण कातडी लपवता येत नाही. जात लपवता येते, आणि म्हणूनच ती लपवणाऱ्याला आतून खाते.

लपवणं चाळीसगावानेही पाहिलं आहे. 1929 साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. आपल्या स्टेशनवर लोकांनी त्यांना हार घातले, मुक्कामाचा आग्रह केला. टांगेवाल्यांनी मात्र महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. बाबासाहेबांना पायी न्यायचं नाही म्हणून लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक बसवला, ज्याला हाकता येत नव्हता. नदीच्या फरशीवर चाक दगडाला धडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. अपमान त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून लोकांनी नकाराची गोष्ट लपवली होती. खरं कारण त्यांना अपघातानंतर कळलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय.

त्या टांगा हाकणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो का? नाही म्हणत. मग बाबुरावांच्या शीर्षकातला ‘चोरली’ हा शब्द आपण नायकावरच का लादतो? खोली, पाणी, टांगा ज्यांनी अडवून धरला, चोरीचा माल त्यांच्या घरात आहे. हे मला पटतं. तरी “ये, बस” हे दोन शब्द माझेच होते, ते मालकाच्या नावावर टाकता येत नाहीत. ‘विद्रोही बाबुराव’ हे सोपं भाषण मी दोनदा केलं ते त्यामुळेच.

मित्र आता चाळीसगावातच असतो. आमचं बोलणं आहे, पण त्या रात्रीबद्दल दोघंही बोलत नाही. यंदा त्याच्या पोराला सुरतला काम लागलं. निघण्याआधी पोरगा माझ्याकडे आला, “काका, तिकडे खोलीचं काय?” भाषण तोंडावर आलं होतं, गिळलं. उधन्यातल्या आपल्या दोन घरांचे नंबर लिहून दिले. जाताना तो दारातून “जय भीम, काका” म्हणाला. मी जरा जोरातच उत्तर दिलं. शेजारीण खिडकीतून बघायला लागली.